आचंद्रसूर्य

१० जुलै १९४४. कोकणात हे लावणीचे दिवस. खाचरं पाण्याने भरलेली, डोक्यावर इरलं, कमरेतून वाकलेली माणसं आणि हातात भाताच्या रोपांच्या मुठी. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या पळसगावातही त्या सोमवारी हेच चाललं असणार. त्या गावचा बावीस वर्षांचा एक मुलगा त्याच दिवशी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एका डोंगरावर पडला.

नाईक यशवंत घाडगे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. पलटण तिसरी-पाचवी मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. दहाव्या भारतीय डिव्हिजनमधली. बावीस वर्षांच्या मुलाला गावात कुणी ‘अहो’ म्हणत नाही. इथे मात्र त्यांचा उल्लेख आदरार्थीच करतो.

त्या दिवशीची हकिकत व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्याच्या सर्वोच्च ब्रिटिश पदकाच्या मानपत्रात आहे आणि ती दहाबारा ओळींतच संपते. कंपनीला एका भक्कम ठाण्यावर चढाई करायची होती. घाडगे यांच्या हाताखाली एक सेक्शन होतं. सेक्शन म्हणजे आठ-दहा जवान, पायदळाची सगळ्यात लहान तुकडी. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले सगळे एक तर मेले किंवा जखमी होऊन पडले. उभे राहिले एकटे घाडगे. सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे कळत असताना ते सरळ मशिनगनवर धावले. आधी बॉम्ब टाकला, त्यात गन आणि गन चालवणारा दोघे संपले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन रिकामं झालं. बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, या वाक्यावर थोडं थांबायला हवं. टॉमी गनला वीस किंवा तीस गोळ्यांचं सरळ मॅगझिन लागतं. ती मिनिटाला सहाशे-सातशे गोळ्यांच्या वेगाने सुटते, त्यामुळे घोडा दाबून धरला तर वीस गोळ्या दोन सेकंदांत खलास. नवं मॅगझिन लावायचं तर आधी खटका दाबून जुनं काढायचं, कमरेच्या पट्ट्यावरच्या पिशवीचं बटण उघडायचं, त्यातलं नवं काढून खाचेत सरकवायचं. सरावलेल्या हातालाही याला चार-पाच सेकंद लागतात. समोरचे दोघे हातभर अंतरावर. ती चार सेकंदं त्यांच्याकडे नव्हती.

मानपत्रात नाव आहे ते एकट्या घाडगे यांचं. सेक्शनमधले बाकीचे कोण होते? मानपत्र त्यांच्याबद्दल एवढंच सांगतं, की सगळे मेले किंवा जखमी झाले. ते मानपत्र एका माणसासाठी लिहिलेलं होतं, म्हणून त्याला दोष देता येत नाही. पण तरुण जवानाची आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. शौर्याची गोष्ट हजारात एखाद्याची लिहिली जाते. उरलेल्यांच्या वाट्याला फार तर एक ओळ येते: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, बापाचं नाव, गाव. ती ओळ बरोबर लिहिली गेली आणि टिकली, तर तो माणूस सापडतो. एक अक्षर चुकलं तरी तो घरच्यांच्या हाताला लागत नाही.

इटलीत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक लढले. ५,७८२ जण तिथेच राहिले. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. त्यांतले दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे: घाडगे, आणि पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवरून आणणारे शिपाई नामदेव जाधव. जाधव परत आले. घाडगे यांचं नाव कॅसिनो मेमोरियलवर आहे.

‘कॅसिनो मेमोरियल’ वाचून घरच्यांचा दोनदा गैरसमज होतो. पहिला, की माणूस कॅसिनोला पडला. कॅसिनो रोमच्या दक्षिणेला. घाडगे पडले ती जागा रोमच्या उत्तरेला, कॅसिनोपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून जास्त दूर. इटलीच्या मोहिमेत पडलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक कॉमनवेल्थ सैनिकांची नावं तिथे एकत्र कोरली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा गैरसमज ‘कबर ठाऊक नाही’ या शब्दांचा. ‘म्हणजे बेपत्ता होता का? कदाचित जिवंत असेल?’ याच आशेवर कितीतरी घरांत बायकांनी वर्षानुवर्षं कुंकू पुसलं नाही. त्या शब्दांत असं काही नसतं. मृत्यू नोंदलेला असतो, बऱ्याचदा पाहिलेलाही असतो. मृतदेह कुठे ठेवला ती जागा तेवढी नोंदीत नसते.

हिंदू आणि शीख सैनिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शक्य असेल तिथे त्यांचं दहन होई, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी दहन-स्मारकं उभारली. इटलीत सांग्रो नदीकाठच्या स्मारकावर अशी पाचशेवर नावं आहेत, फोर्लीलाही असंच स्मारक आहे. तेव्हा पणजोबांचं नाव शोधताना दफनभूमीच्या यादीत मिळालं नाही म्हणून थांबू नये. दफनभूमी, दहन-स्मारक आणि बेपत्ता कबरींचं स्मारक, तिन्ही याद्या पाहाव्यात.

तिसरी-पाचवी मराठाला पाचव्या रेजिमेंटची तिसरी हे नाव मिळालं १९२२ साली. त्याआधी ती ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतला जी फौज वेढ्यात अडकली तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने त्यांनी तग धरला. अन्न संपत आलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि मग कैद्यांची वाळवंटातली चाल सुरू झाली. गोळ्यांनी मेले नाहीत ते उपासमारीने, हगवणीने आणि त्या चालीत मेले. बंदिवासात मेलेल्याची तारीख टिपून ठेवायला अनेकदा जवळ कुणीच नसे.

त्या रणभूमीवर पडलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं, १९२९ मध्ये. इंग्रज शिपायाचं नाव दगडावर आहे. भारतीय अधिकाऱ्याचं आहे. भारतीय शिपाई, नाईक आणि हवालदार यांच्यासाठी मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा कोरला: आणि इतके इतर.

कबरींची देखभाल करणारी संस्था, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, स्थापन झाली १९१७ मध्ये. मरणात हुद्दा, जात, वंश, धर्म पाहायचा नाही, प्रत्येकाचं नाव कोरायचं, सगळ्यांचे दगड सारखे, या तत्त्वावर ती उभी राहिली. फ्रान्समधल्या न्यव्ह-शापेल इथे हे तत्त्व भारतीयांच्या बाबतीतही पाळलं गेलं; तिथे ४,७०० हून अधिक भारतीय नावं कोरलेली आहेत. बसऱ्याला ते मोडलं. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच चौकशी करून अहवाल काढला आणि माफी मागितली: किमान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं, नावाने स्मरली गेली नाहीत किंवा मुळीच स्मरली गेली नाहीत. बहुतेक पूर्व आफ्रिकेतली आणि इजिप्तमधली. माफी शंभर वर्षांनी आली, तोवर नाव विचारणारी पिढी संपली होती. तरी ती मागितली हे बरं झालं, कारण आता नाव सापडलं तर ते दाखल करून घ्यायला दार उघडं आहे.

आपल्याकडची दगडी पाटीही तशीच. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगावी लहान संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर ठरावीक: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या मोठ्या लढाईवर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकही नाही. सातारा, रत्नागिरी, रायगडमधल्या किती तरी गावांत ही पाटी चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत अजून आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या एका युद्धात ४६ माणसं गमावली. गावाच्या नावालाच पुढे ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. एवढ्याशा गावात ४६ म्हणजे प्रत्येक आळीत एक घर.

त्या आकड्यांमागची नावं शोधता येतात. चिकाटी लागते आणि थोडी माहिती लागते.

सुरुवात घरातल्या पेटीपासून करावी. पहिल्या महायुद्धात गेलेल्याच्या घरी दोन पदकं असायची, एक चांदीचं आणि एक पितळी रंगाचं. पदकाच्या पुढच्या बाजूला राजा किंवा देवता असते, ते सगळ्यांचं सारखं. आपल्याला हवी ती कड. नाण्याची असते तशी. तिच्यावर बारीक रोमन अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चांदीच्या जागी तेच पदक कांस्याचं असेल, तर माणूस बहुधा लढाऊ शिपाई नव्हता. मजूर पथकात किंवा पलटणीबरोबरच्या चाकरवर्गात होता. भिस्ती, खेचरवाला, स्वयंपाकी. त्यांच्या नोंदी वेगळ्या ठिकाणी असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकांवर इंग्रज सैनिकांची नावं नसत. भारतीय सैन्याला दिलेल्या ताऱ्यांच्या मात्र मागच्या बाजूला नाव असतं, तेव्हा तारा उलटून पाहावा.

माणूस पहिल्या युद्धात मेला असेल तर आणखी एक वस्तू घरी आलेली असते: कांस्याची बारा सेंटिमीटर रुंदीची गोल तबकडी. तिच्यावर उभी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं देवीरूप, पायाशी सिंह आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्याचं नाव. हुद्दा मुद्दाम घातलेला नाही. जनरल आणि शिपाई दोघांच्या घरी एकसारखी तबकडी गेली. बसऱ्याच्या दगडावर ज्याला नाव मिळालं नाही, त्याचं नाव या तबकडीवर आहे. चांगलं जाड धातूचं ताट म्हणून अशा तबकड्या चुलीजवळ वापरल्या गेल्या, मोडीत गेल्या. कुणाच्या घरी असेल तर कृपा करून ती विकू नका.

आणि घासू नका. दिवाळीला चिंच, लिंबू, राख किंवा बाजारातली पावडर लावून देवाच्या भांड्यांबरोबर पदकंही लखलखीत करायची ही आपली मायेची रीत आहे. पण कडेवरची अक्षरं केसाएवढी खोल असतात. दरवर्षी घासली तर तीसेक वर्षांत नंबरातले तीन आणि आठ सारखे दिसू लागतात आणि पुढे नाव गुळगुळीत होतं. मऊ कोरड्या कापडाने पुसून, सुती कापडात गुंडाळून ठेवणं पुरे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, कोकणाच्या हवेत आत दमट होऊन हिरवा गंज धरतो. कडेचा फोटो काढताना उजेड समोरून टाकू नये. विजेरी अगदी बाजूने, जवळजवळ आडवी धरावी. अक्षरांच्या खड्ड्यांत सावली पडते आणि डोळ्यांना न दिसणारं नाव वाचता येतं.

नंबर मिळाला म्हणजे निम्मं काम झालं, कारण यशवंत, पांडुरंग आणि तुकाराम त्या पलटणीत डझनांनी असतात. मग कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधायचं. इथेच बहुतेक जण अडकतात. आपण जसं लिहितो तसं नाव तिथे नसतं. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, आणि कारकून मराठी असेलच असं नाही. घाडगे यांचंच पाहा: रोमन लिपीत आपण यशवंत लिहिताना वायपुढे ए टाकतो, नोंदीत ई आहे. घाडगे आणि घाटगे यांत डी आणि टीची अदलाबदल होते. जाधवच्या शेवटी व्ही येतो, डब्ल्यू येतो, कधी ओसुद्धा. ‘राव’ कधी नावाला चिकटलेला, कधी सुटा. शिवाय भारतीयांच्या बऱ्याच नोंदींत पूर्ण नावच आडनावाच्या रकान्यात भरलेलं आहे, त्यामुळे पहिलं नाव आडनावाच्या जागी टाकूनही शोधावं. ‘इंडियन’ सैन्याची चाळणी लावावी, तारखेला दोन्ही बाजूंनी वर्षभराची मोकळीक द्यावी.

पलटणीचं नाव ‘मराठा’ म्हणून टाकलं तर काहीच हाती लागत नाही. त्या काळचं सरकारी स्पेलिंग ‘महरट्टा’, त्यात एच आरच्या आधी येतो आणि टी दोन असतात. पहिल्या युद्धाच्या नोंदीत पलटण जुन्या तीन आकडी नंबराने असते. १९२२ मध्ये १०३ वी झाली पहिली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी दहावी. घरात ‘आजोबा तिसऱ्या मराठ्यात होते’ एवढीच आठवण असेल आणि ते १९१६ साली वारले असतील, तर शोधायची ती ११० वी. उलट, तिसऱ्या पलटणीचं पुढे छत्रीधारी पलटणीत रूपांतर झालं आणि १९५२ पासून ती दुसरी पॅरा. मराठा रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे. तिथे पत्र लिहिताना जुना नंबर, नवा नंबर आणि सालं तिन्ही घातली तर शोधणाऱ्याचं काम सोपं होतं. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पत्र गेलं तर आणखी बरं.

जिल्हाही बदललेला असतो. घाडगे यांचा जिल्हा नोंदीत कुलाबा. १९८१ पासून त्याचं नाव रायगड. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, म्हणून मालवण-कणकवलीचा जवान रत्नागिरीखाली शोधायचा. सावंतवाडीचा असेल तर संस्थानाच्या नावाखाली. तासगाव किंवा वाळव्याचा माणूस सांगलीत मिळणार नाही, साताऱ्यात मिळेल. कोल्हापूर, फलटण, भोर ही तेव्हा संस्थानं होती. आणि माणूस कोकणातला असून कुठल्याच पलटणीत सापडत नसेल, तर तो आगबोटीवर होता का ते पाहावं. बुडालेल्या जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक वेगळं आहे: पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं मुंबईत, मस्जिद बंदरच्या खलाशी निवासात. दुसऱ्या युद्धातली साडेसहा हजारांच्या आसपास नावं दगडावर नाहीत, वहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईत, एक चितगावला.

एवढं करून ओळ सापडते. कधी तिच्यात बापाचं नाव असतं, कधी बायकोचंही, आणि गावाचं नाव मोडतोड झालेलं पण ओळखू येणारं. फार थोडं असतं ते. पण ज्या घरात ‘लढाईला गेले ते आलेच नाहीत’ यापलीकडे काही नव्हतं, तिथे दगडाचं ठिकाण कळणं आणि तारीख कळणं ही मोठी गोष्ट आहे.

नाव सापडल्यावर गावाच्या पाटीकडे पाहायला हरकत नाही. पण हौसेने केलेली डागडुजीच तिला सगळ्यात जास्त मारते. ऑइलपेंटने रंगवलेली पाटी दोन पावसाळ्यांनी पोपडे धरते आणि पोपड्याबरोबर दगडाचा पातळ थर घेऊन जाते. चुना फासला की अक्षरं बुजतात. संगमरवराला ॲसिड लावू नये, तो त्यात विरघळतो; फरशी साफ करायच्या द्रावणातही तेच असतं. तारेचा ब्रश नको. साधं पाणी, मऊ ब्रश, खालून वर हलक्या हाताने, एवढंच. शेवाळं असेल तर भिजवून लाकडी पट्टीने खरवडावं. पाटीभोवती सिमेंटचा गिलावा केला तर ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, क्षार दगडात उतरतात आणि काही वर्षांत अक्षरांच्या कडा पीठ होऊन गळतात. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. नवी नावं लिहायची तर जुन्या पाटीवर कोरू नयेत, शेजारी दुसरा दगड बसवावा. आणि देवनागरीत लिहावीत. सरकारच्या वहीत काही असो, आईने हाक मारली ती या अक्षरांत.

तारखेचाही एक गुंता आहे. सरकारी नोंदीत इंग्रजी तारीख, घरात तिथी. आणि घरातली तिथी अनेकदा मरणाची नसते, तार आली त्या दिवसाची असते. मधे पंधरा दिवस, महिना गेलेला असतो. आता खरी तारीख कळली तर त्या सालच्या पंचांगावरून तिथी काढता येते. पण शंभर वर्षं एका तिथीला पान वाढलं गेलं असेल तर ते चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. आपल्या परंपरेने अशांची सोय आधीच करून ठेवली आहे. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी, घात चतुर्दशी. तिथीच माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या. रणात पडलेल्या आणि परत न आलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न या समाजाला कूत आणि कॅसिनोच्या किती तरी आधी पडलेला होता, हे त्यावरून दिसतं.

वीरगळही तेच सांगतात. देवळाच्या आवारात, पाराखाली, शेताच्या बांधावर उभे असलेले ते कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत. त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. बोरिवलीच्या एकसरला तर वीरगळांवर गलबतांची लढाई कोरली आहे. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. तेव्हा नावाची गरज वाटली नसावी. दगड कुणाचा ते गावाला तोंडपाठ होतं. गाव विस्कटलं आणि दगड अनाम झाला. शेंदूर लागून कुणी त्याला देव केला, कुणी त्यावर धुणं धुतलं. पण दगडाच्या माथ्यावर दोन खुणा जवळजवळ नेहमी असतात, चंद्र आणि सूर्य. ते आहेत तोवर याची आठवण राहो, असा त्यांचा अर्थ.

घाडगे यांचा पुतळा माणगावला तहसील कार्यालयाच्या आवारात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यांचं नाव नाही, कारण तिथली नावं स्वातंत्र्यानंतरची. इंडिया गेटवर नाही, कारण ती पहिल्या युद्धाच्या काळातली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी पडलेला जवान या दोन वास्तूंच्या मधल्या फटीत राहून गेला आहे. हे बरोबर नाही, आणि हे दुरुस्त करणं आपल्या हातात आहे.

इटलीने मात्र त्यांची आठवण वेगळ्या तऱ्हेने ठेवली. पेरूजा प्रांतात मोंतोने नावाचं गाव आहे, टायबरच्या त्याच वरच्या खोऱ्यातलं. जुलै २०२३ मध्ये त्या गावाने तिथल्या युद्ध-इतिहासकारांबरोबर नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उघडलं. ते आहे सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये ओळ आहे, तिचा अर्थ: आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. वीरगळाच्या माथ्यावरचा सूर्य त्या गावाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी त्यांना सूर्यच सुचला.

सूर्यघड्याळाचा काटा, म्हणजे शंकू, पृथ्वीच्या आसाला समांतर तिरका बसवतात. म्हणजे जमिनीशी त्याचा कोन त्या गावाच्या अक्षांशाएवढा: मोंतोनेला ४३ अंशांहून थोडा जास्त, माणगावला १८ अंशांच्या जरा वर. तिथला शंकू उचलून इथे आणला तर वेळ चुकेल. दोन गावांत ६१ रेखांशांचं अंतर आहे, एका रेखांशाला चार मिनिटं धरून चार तास चार मिनिटं होतात. माणगावला माध्यान्ह होते तेव्हा मोंतोनेच्या सूर्यघड्याळावर सकाळचे आठ वाजायला चार मिनिटं कमी असतात.

१० जुलैला आणखी एक गोष्ट होते. त्या दिवसांत दुपारचा सूर्य माणगावच्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. मोंतोनेला माध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते, सहा फुटांच्या माणसाची सव्वादोन फूट. माणगावला त्याच उंचीच्या माणसाची सावली जेमतेम पाच इंच, आणि दक्षिणेकडे. तिथे सूर्यघड्याळाचा शंकू आणि इथे तहसीलच्या आवारातला पुतळा, त्या तारखेला दोघांच्या सावल्या उलट दिशांना जातात. अर्थात इथली सावली दिसायला ऊन लागतं, आणि जुलैत माणगावला ऊन पडत नाही. पाऊस असतो, खाचरं भरलेली असतात, लावणी चाललेली असते.